हालचाल ठीक

शुक्रवार, २

तोंड बंद ठेवायचं. माझ्याच घरात, माझ्याच स्वयंपाकघरात. आणि हे सांगणारी कोण, तर जिचं शेंबडं नाक मी पुसलं ती. सकाळी नऊ ते बारा आजीनं बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही, खोकला आला तर उशीत तोंड खुपसून खोकायचं. का, तर नातीचा तास चालू असतो. त्या लॅपटॉपच्या डब्यात तीस पोरं बसलेली असतात आणि त्यांना माझा आवाज जातो. काल एकानं विचारलं म्हणे, "बाई, तुमच्या घरी कोण भांडतंय?" मी भांडत नव्हते. बटाटे सोलत होते.

म्हणून ही वही आली. "आजी, जे बोलायचं ते यात लिही," म्हणाली. मी शिकले चौथी, तीही अर्धी. त्यानंतर लिहिलं ते हॉटेलच्या लाँड्रीत, गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्यांवर. चादरी चाळीस, डाग दोन. तीस वर्षं एवढंच.

असो. नमस्कार, वहीबाई. आता तूच ऐक.

साथ आल्यापासून सगळं बंद आहे. नातीला आठवा महिना. नवरा जहाजावर स्वयंपाकी. जहाज बंदराबाहेर उभं आहे आणि कुणाला उतरू देत नाहीत. तिची आई, म्हणजे माझी लेक, दुसऱ्या गावात अडकली आहे, रस्ते बंद. राहिले कोण, तर मी. दोन खोल्या, एक म्हातारी, एक मास्तरीण आणि तिच्या पोटातलं ते. बाहेरच्या खोलीत शाळा, आतल्या खोलीत मी, मधे एक दार. ते दारही लोटायचं नाही, करकरतं.

मंगळवार, ६

हॉस्पिटलनं सांगितलंय, उगीच येऊ नका, इथे आजारी माणसं आहेत. आता हॉस्पिटलात आजारी माणसं नसतील तर काय वरात असेल? तर तपासणीच्या ऐवजी दर मंगळवारी दहा वाजता नर्सचा फोन. दहाला नातीचा गणिताचा तास. तिच्या फोनवरून त्या लॅपटॉपला इंटरनेट जातं, तो वाजला की तीस पोरं गायब होतात. म्हणून नंबर माझा दिलाय. "आजी, तू घे आणि मला सांग काय म्हणाली ते."

घेतला. उशी तोंडाशी धरून, हळू आवाजात, चोरासारखा.

"ताप, खोकला?"

"कुणाला, मला की तिला?"

"पेशंटला हो आजी."

"नाही."

"पायाला सूज? डोकं दुखणं? डोळ्यांपुढे अंधारी?"

"नाही, नाही आणि नाही."

"हालचाल व्यवस्थित आहे?"

"भरपूर. एक मिनिट स्वस्थ नाही. मला तर बघूनच दमायला होतं."

नर्स हसली. "असू दे, चांगलंच आहे," म्हणाली. आवाजावरून बरी वाटली, पण घाईची. नात खरंच एका जागी बसत नाही. शिकवतानाही या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पोरांना वाटत असेल बाई झोक्यावर बसल्यात.

माझ्या वेळी मी नववा महिना भरेपर्यंत इस्त्रीच्या टेबलाशी उभी होते. माझी हालचाल विचारायला कुणाचा फोन आला नाही.

शनिवार, १०

नातजावयाचा जहाजावरून फोन. दिसला, पण अर्धाच, कपाळ आणि एक कान. नातीनं पोटाजवळ फोन धरला आणि हा इकडून त्या पोटाला म्हणतोय, "बाबा बोलतोय." मी म्हटलं, त्याला ऐकू येत असेल तर आधी माझ्या शिव्या ऐकू आल्या असतील. नात हसली आणि पोट धरून म्हणाली, "बघ, लाथ मारली, तुझ्या आवाजाला." मी हात लावून बघितलं. चांगली सणसणीत होती. गाढव जन्माला येणार.

हात मी जरा जास्तच वेळ ठेवला असेल.

मंगळवार, १३

नर्सचा फोन. तीच प्रश्नांची यादी, आज दुप्पट वेगात.

"हालचाल?"

"आहे की. मीच म्हणते, जरा कमी कर."

"कमी नको हं आजी! कमी झाली तर लगेच कळवायचं. त्याच दिवशी. मंगळवारची वाट बघायची नाही."

ऐका. पोटुशी बाई चार तास पाय लांब करून बसली, तर हॉस्पिटलला कळवायचं. काय दिवस आलेत. मी म्हटलं, "बरं बाई, पळवते तिला."

तास संपल्यावर नातीला सांगितलं, नर्सनं बजावलंय, बसून राहायचं नाही, चालत राहायचं. तिनं मान डोलावली. पाय दुखत होते तिचे, दिसत होतं. संध्याकाळी गच्चीवर चाळीस फेऱ्या मारल्या बिचारीनं. मी पायरीवर बसून मोजल्या. पस्तिसाव्याला टेकायला लागली, तर मी ओरडले, "नर्सला काय सांगू?"

रविवार, १८

सकाळी नात म्हणाली, "आजी, आजकाल लाथा कमी मारतंय गं."

मी म्हटलं, "झोपलं असेल. तुझ्यासारखं नाही, शहाणं आहे."

"दोन दिवस झाले, कमीच वाटतंय. मंगळवारी नर्सला विचारशील?"

"विचारीन."

"विसरशील."

"तीस वर्षांत एक चादर हरवली नाही माझी. मी विसरीन?"

मग दिवसभर इस्त्री केली. घरातल्या सगळ्या चादरी, उशांचे अभ्रे, पडदे काढून पडदे, नातीनं बाळासाठी ठेवलेली दुपटी, ज्यांना इस्त्री लागत नाही ती फडकीसुद्धा. नात म्हणाली, "आजी, कोण येणार आहे?" कुणी नाही. हातांना काम पाहिजे. दुपारी जेवले नाही, भूक नव्हती. उकाडा फार आहे.

मंगळवार, २०

नर्सचा फोन दहा वाजून वीस मिनिटांनी. आवाज मास्कमधून येत होता, भिजल्या कपड्यासारखा. मागे कुणीतरी तिला हाका मारत होतं. ताप, सूज, डोकं, सगळं एका दमात.

"हालचाल?"

"ठीक."

"काही तक्रार?"

मी तोंड उघडलं. पलीकडे पुन्हा हाक आली. ती म्हणाली, "आजी, लवकर सांगा, अजून चाळीस जणी आहेत."

मी म्हटलं, "काही नाही."

बाराला तास संपला. नात आत आली. "विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, शेवटी शेवटी आत जागा कमी पडते. असंच होतं."

तिचा चेहरा सैल झाला. बटाट्याचं सूप दोन वाट्या प्यायली. मग मलाही बरं वाटलं. तशी जागा कमी पडतेच की. यात खोटं काय आहे?

गुरुवार, २२

हॉस्पिटलच्या फाटकासमोर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आहे. कागदपत्रांची पिशवी उचलली त्यात ही वही आली.

साडेनऊला नात तास सोडून आत आली. लॅपटॉप तसाच चालू, पोरांचा गोंगाट. "आजी, काल दुपारपासून एकदाही नाही." ओठ पांढरे. मी गोड दूध प्यायला लावलं, कुशीवर झोपवलं, पोटावर हात ठेवला. दहा मिनिटं. पंधरा. माझ्या हाताखाली काही नव्हतं. पोरं तिकडे ओरडत होती, "बाई, बाई, आवाज येत नाहीये."

टॅक्सी मिळाली. फाटकावर वॉचमन म्हणाला, फक्त पेशंट. मी म्हटलं, ही एकटी कशी जाईल? तो म्हणाला, "आजी, मी माझ्या बायकोलाही एकटीच सोडली परवा. नियम आहे." नात पिशवीतले कागद आणि कपडे घेऊन आत गेली. चालत गेली, आपल्या पायांनी. वळून बघितलं नाही. घाबरली की वळत नाही ती, लहानपणापासून.

वॉचमननं मला पाण्याची बाटली दिली. उघडता आली नाही. त्यानंच उघडून दिली.

शुक्रवार, २३

मुलगी.

पोट कापून काढली. रडली नाही. नळी घातली तेव्हा श्वास घेतला. आता काचेच्या पेटीत आहे. नाव नाही, आईचं नाव आणि एक आकडा. नातजावयाला मीच फोन केला. तो जहाजावर रडला आणि मागे कुणीतरी त्याला विचारत होतं, जेवण कधी. मी म्हटलं, जा, त्यांना वाढ. त्यांचा काय दोष?

सोमवार, २६

नातीला बाळाजवळ दिवसातून एकदा दहा मिनिटं सोडतात. हात लावायला नाही, बघायला. मला फोनवर दाखवलं. मुठी आवळून पडली आहे. तोंडावर पट्ट्या. डॉक्टर म्हणतात, मेंदूला प्राणवायू किती वेळ कमी पडला ते आता सांगता येत नाही, वाढेल तसं कळेल. म्हणजे बसणं, उभं राहणं, बोलणं, एकेकासाठी वाट बघायची.

नात विचारत होती, "मी गच्चीवर इतक्या फेऱ्या मारल्या, त्यानं झालं का गं?"

मी म्हटलं, फोन नीट धर, काही दिसत नाही.

बुधवार, २८

नात घरी आली. बाळ तिकडेच. दर तीन तासांनी दूध काढते, बाटली बर्फात घालून फाटकावर नेऊन देते. चालताना पोटाचे टाके धरते.

आज दुपारी हॉस्पिटलचा कागद घेऊन माझ्यापुढे बसली. आवाज मास्तरणीचा. म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, लाथा कमी झाल्या त्याच दिवशी यायला हवं होतं. विचारत होते, कुणाला सांगितलं होतं का. मी म्हटलं, आजीनं नर्सला विचारलं होतं, ती म्हणाली असंच होतं. त्यांनी लिहून घेतलं. आता हे बघ तिनं काय लिहिलंय." आणि वाचलं. "सहा तारीख, बाळाची हालचाल व्यवस्थित. तेरा तारीख, बाळाची हालचाल व्यवस्थित. वीस तारीख, बाळाची हालचाल ठीक."

बाळाची.

मी म्हटलं, "पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं.

आम्ही लाथा म्हणायचो. ढुशा म्हणायचो. मूल फिरतंय म्हणायचो. हालचाल म्हणजे माणसानं उठणं, बसणं, चालणं. मला कुणी सांगितलं नाही, आणि मी कुणाला विचारलं नाही, बाई, कुणाची हालचाल म्हणतेस. एवढे चार शब्द.

नात म्हणाली, "तिनं कधी तरी विचारलं होतं का तुला? की न विचारताच भरून टाकलं?"

मी म्हटलं, "न विचारताच."

तोंडातून आपोआप आलं. इतकं आपोआप की मीच दचकले.

"मला वाटलंच," म्हणाली. आणि तक्रार लिहायला बसली. तिचं अक्षर सुंदर आहे.

शनिवार, ३१

आज लिहिणार नव्हते. पण लिहिते, नाहीतर इस्त्री करावी लागेल आणि घरात आता सुरकुती राहिली नाही.

सगळे समजतात मला तीन मुलं. मला चार. दुसरं लाँड्रीत असताना गेलं. बाहेर यायच्या आधीच. तीन दिवस शांत होतं. त्या आठवड्यात हॉटेल भरलेलं होतं, चादरींचे डोंगर. मी टेबलाशी उभी होते आणि आत काही नव्हतं, आणि मला कळत होतं. मुकादमाला सांगितलं असतं तर त्यानं घरी पाठवलं असतं. नाही सांगितलं. मला वाटलं, बोलले नाही तर अजून झालेलं नाही.

नर्सचा शब्द कळला नाही, ही माझी चूक नाही. अर्धी चौथी शिकलेल्या बाईला शब्द नाही कळत. पण त्या रविवारी नात लाथा म्हणाली. माझा शब्द म्हणाली. आणि शांत म्हणजे काय ते या घरात मला एकटीला माहीत होतं. मी दिवसभर पडद्यांना इस्त्री केली. नर्सनं काही तक्रार आहे का विचारलं, तेव्हा मागच्या हाकेमुळे मी गप्प बसले असं मी वर लिहिलंय. हाक मारत होते, खरं आहे. पण हाक नसती तरी मी विचारलं नसतं. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, आत्ता घेऊन या. मग ते खरं झालं असतं.

मंगळवार ते गुरुवार, दोन दिवस. डॉक्टर म्हणाले दोन दिवसांनी किती फरक पडला असता ते सांगता येत नाही. मला सांगता येतं.

रविवार, १

दुपारी फोन. नंबर अनोळखी. नात फाटकावर दूध द्यायला गेली होती.

"आजी, मी मंगळवारची नर्स. ओळखलंत का?"

मी सवयीनं उशी जवळ ओढली.

"मला असा फोन करायला बंदी आहे, पण एकच विचारायचंय. घरच्यांचं म्हणणं आहे, तुम्ही मला लाथा कमी झाल्याचं सांगितलं आणि मी म्हटलं, असंच होतं. आजी, मी असं म्हटलं होतं का हो? मला आठवत नाही. दिवसाला सत्तर फोन करत होते. दोन वेळा उभ्या उभ्या झोप लागली मला. मी म्हटलंही असेन. तुम्ही सांगाल ते खरं धरीन मी. म्हटलं होतं का?"

पलीकडे ती थांबली होती. घाई नव्हती आज तिला. नात सांगत होती, तक्रारीनंतर तिला कामावरून घरी बसवलंय.

मी म्हटलं, "राँग नंबर."

आणि ठेवला.

नात आली, म्हणाली, "कुणाचा फोन होता? पांढरी पडलीस." मी म्हटलं, पडद्याआडून उन्ह लागतंय. हीसुद्धा थाप. पडदे काढून टाकलेत मी, उन्ह थेट येतं, तेही तिच्या लक्षात आलं नाही. इतकी थकली आहे.

ती बाई आता घरी बसून स्वतःच्या डोक्यात शोधत असेल, जे मी तिथे ठेवलं. सापडेलही तिला. थकलेल्या माणसाला दुसऱ्यानं दिलेली चूक आपलीच वाटते. नातीला फेऱ्यांचं वाटतंय, तसं.

सोमवार, २

सकाळी सांगायला गेले. म्हटलं, "ऐक, त्या नर्सचं..." नात दूध काढत होती. म्हणाली, "तिचं नाव काढू नकोस." मग मी तिला म्हटलं, मोजे घाल, फरशी गार आहे. ती म्हणाली, आजी, उकाडा आहे. मी म्हटलं, बाळंतीण बाईनं मोजे घालायचे. त्यावरून पाऊण तास वाजलं आमचं. मोज्यांवरून. सगळी इमारत ऐकेल इतकी ओरडले मी, आणि एक शब्द खरा बोलले नाही.

तोंडानं होत नाही. म्हणून ही वही तुझ्या लॅपटॉपवर ठेवते आहे, पोरी. पहिल्या पानापासून वाच. मधे शुद्धलेखनाची लाल रेघ मारू नकोस, नंतर मार. सहा तारखेचं वाचून हसशील, मग तेराचं वाचून हसणार नाहीस. वीस तारखेचं नीट वाच. तू विचारायला सांगितलं होतंस, मी विचारलं नाही, आणि विचारलं म्हणून सांगितलं. नर्सनं तसं काही म्हटलं नाही. तिनं तीन वेळा विचारलं होतं, आणि कमी झाली तर त्याच दिवशी कळवा असंही सांगितलं होतं. फेऱ्या तू मारल्यास त्या माझ्यामुळे, आणि त्यानं काही झालं नाही. शांत व्हायला लागलं होतं, ते मला रविवारीच ठाऊक होतं. एकतीस तारखेचं पान वाचलंस की तुझ्या आईला सांगायचं की नाही ते तू ठरव.

मला माफ बिफ करायचं नाही. ते तुझ्याकडे मागत नाही. पेटीतली मोठी झाली, बसली, बोलली तर तिच्याकडे बघू. नाही बोलली तर कुणाकडेच नाही.

एक गोष्ट मात्र ऐकायची. चौकशीवाल्यांनी कळवलंय, उद्या दहाला फोन येणार, घरच्यांचं म्हणणं लिहून घ्यायला. त्यांच्याकडे नंबर माझाच आहे. तू उचलायचा नाहीस. आईला जोडून द्यायचा नाहीस. त्या नर्सला आता कुणी काही विचारायचं नाही, तिचं सांगून झालंय. फोन मी घेणार, तुझ्यासमोर, मोठ्या आवाजात. आणि माझी दातखीळ बसली, तर फोन माझ्या कानाला दाबून धर आणि मी उत्तर देईपर्यंत काढू नकोस.